नऊच्या बातम्यांविषयी तक्रार

बोरीवली (पूर्व)
१२ जून २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
'ताबडतोब २४' वाहिनी, अंधेरी (पूर्व)

विषय : रात्री नऊच्या बातम्या देणारा इसम

महोदय,

याआधी मी दोनदा ईमेल केला. दोन्ही वेळा डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' एवढ्यात तो कुणी वाचला आणि कुणाला मोलाचा वाटला, त्या माणसाचं नाव कळवावं. म्हणून आता पोस्टाने लिहितो. कागद फाडायला तरी माणूस लागतो.

आपल्याकडे नऊ वाजता सिद्धेश घाडी म्हणून एक जण बातम्या देतो. तो मागे कुत्रा लागल्यासारखा बोलतो. काल गोवंडीच्या आगीची बातमी होती. लोकांची घरं जळली आणि हा गडी लाह्या फुटाव्यात तसा तडतडतोय. जरा थांबावं माणसाने. ऐकणाऱ्याला 'अरेरे' म्हणायला तरी उसंत द्यावी.

मग तो कोट. त्याचे खांदे एवढे रुंद की आत आणखी एक निवेदक बसवता येईल. पोरगा वाळलाय, ते या कोटाने झाकलं जात नाही, उलट उठून दिसतं. आपल्या कँटीनमध्ये काय शिजतं याची एकदा चौकशी व्हावी.

आणि सोमवारपासून त्याचा घसा बसलाय. दर वाक्याला गळ्यातली घाटी दोनदा वरखाली होते. टेबलावर मोठा मग मांडून ठेवलाय, त्यात काय असतं? हवा? गरम पाणी द्यायची ऐपत नसेल तर तसं सांगा, आम्ही सोसायटीत वर्गणी काढतो.

उत्तर यावं. नाही आलं तर मी परत लिहीन. मी रिटायर आहे, मला वेळच वेळ आहे.

आपला,
चं. गो. गावकर
(एक प्रेक्षक)


अंधेरी (पूर्व)
२४ जून २०२५

श्री. गावकर यांस,

सप्रेम नमस्कार.

कागदावर आलेल्या तक्रारीला कागदावरच उत्तर द्यायचं, असा आमच्या वाहिनीचा जुना नियम आहे. कागदावर कुणी लिहीतच नसल्यामुळे तो रद्द करायचं सगळे विसरले. त्यामुळे या खात्यात मी एकटी, एक शिक्का आणि एक पंखा एवढेच उरलो आहोत, आणि पंखा माझ्या बाजूला फिरत नाही.

तुमच्या पत्रावर मी रीतसर शिक्का मारला आणि स्टुडिओत जाऊन मग उचलून पाहिला. तुमचा संशय खरा निघाला, मग रिकामा होता. तो चहाच्या जाहिरातीचा आहे, चहा पिण्याचा नाही. आता त्यात रोज गरम पाणी असतं, ते मी स्वतः बघते. कोटाबद्दल मात्र माझा इलाज चालत नाही. तोही जाहिरातदाराचा आहे.

एक विचारते, राग मानू नका. श्री. घाडी यांच्याबद्दल इथे ईमेलवर बऱ्याच तक्रारी येतात आणि बहुतेक एकाच गोष्टीच्या असतात. ते गे आहेत आणि ते लपवून ठेवत नाहीत, ही ती गोष्ट. लोक त्यावर इतकं मन लावून लिहितात की मुलुंडच्या माहेरी आणि सासरी मिळून मी जेवढ्या शिव्या ऐकल्या नव्हत्या, तेवढ्या इथे शिकले. तुमच्या पत्रात मात्र त्याबद्दल एक अक्षर नाही. कोट आणि घसा! वाचून मला इतकं बरं वाटलं की मी उठून पंखा ओढून माझ्याकडे वळवला.

आपली,
शुभा टिपणीस
तक्रार निवारण अधिकारी


बोरीवली (पूर्व)
३ जुलै २०२५

टिपणीसबाई,

अक्षर लिहिलं नाही म्हणजे माझी हरकत नाही, असा अर्थ काढू नका. हरकत आहे. चांगली मोठी आहे.

तीन वर्षांमागे याच नऊच्या कार्यक्रमात चर्चा लावली होती. नेहमीचा निवेदक रजेवर, म्हणून घाडी त्या दिवशी बदलीवर बसला होता. एक संस्कृतीचे ठेकेदार बसले होते. ते म्हणाले, 'असली माणसं आपल्या मराठी घरांत नसतात हो.' त्यावर घाडी काय म्हणाला? 'तुमच्या घरचं मला माहीत नाही, आमच्या घरात मी आहे. भेटू या एका छोट्याशा ब्रेकनंतर.' अहो, ही काय रीत झाली? एवढा बाँब टाकायचा आणि ब्रेक घ्यायचा? महाराष्ट्र जेवत होता त्या वेळी. मी सोसायटीच्या ऑफिसात होतो. वार्षिक सभा आटपलेली, अख्खी कमिटी टीव्हीसमोर भजी खात बसलेली. ब्रेकमध्ये पाण्याच्या टाकीची जाहिरात लागली. तेवढी लांब जाहिरात मी जन्मात पाहिली नाही. सगळे माझ्याकडे बघतायत आणि टाकी काही भरत नाही.

ब्रेकनंतर तो परत आला आणि तलावांत पाणी किती जमलं त्याची बातमी दिली. आवाज जराही हलला नाही. हे वाक्य तक्रारीत धरू नये.

तर माझं म्हणणं असं की असली गोष्ट आधी घरी सांगायची असते. बापाला हातात भजी असताना कळू नये.

मी बातम्या आवाज बंद ठेवून बघतो. का, तो आमचा घरगुती प्रश्न आहे. मी गिरणीत साचेखात्यात, कापडाच्या मागांवर होतो. तिथे यंत्रांच्या धडधडीत कानांचा उपयोग शून्य, समोरच्याचे ओठ वाचायचे. त्यामुळे मला त्याचा शब्दन् शब्द दिसतो आणि चूक तर पहिली दिसते. मंगळवारी त्याने पालिकेच्या बातमीला ओठ मुडपले. निवेदकाला मत नसावं. असलं तर ओठांवर येऊ देऊ नये.

घशाचं बघा. पावसाळ्यात त्याला हे हटकून होतं. दुसरीत असताना तर टॉन्सिलने शाळाच बुडाली होती.

चं. गो. गावकर


अंधेरी (पूर्व)
१५ जुलै २०२५

गावकरकाका,

'श्री.' आता सोडून देते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला प्रश्न पडले. सोसायटीची कमिटी भजी टाकून तुमच्याकडे कशाला बघेल? निवेदकाच्या दुसरीतल्या टॉन्सिलची खबर प्रेक्षकाकडे कुठून आली? मी काही गुप्तहेर नाही, पण दोन मुलं वाढवली आहेत. पत्र घेऊन सरळ मेकअप रूममध्ये गेले.

घाडींनी अक्षर बघितलं आणि कागद काही केल्या खाली ठेवेनात. मेकअप करणारी नीला ओरडली, 'सर, रडायचं असेल तर आधी सांगत जा ना यार, आता सगळा बेस परत!' मग ते मला म्हणाले, 'मॅडम, माझं आडनाव घाडीगावकर. स्क्रीनच्या पट्टीत मावत नव्हतं म्हणून वाहिनीने निम्मं कापलं. उरलेलं निम्मं तुम्हाला पत्रं लिहितंय. ते माझे बाबा आहेत.'

काका, तीन वर्षं तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, कारण तुम्हाला फक्त पडद्यावरचं दिसतं. ते इथे आले तेव्हा दर पावसाळ्यात त्यांना गुडघाभर पाण्यात उभं करून 'पाणी किती आहे?' असं विचारायचे. नशिबाने कुणी 'खोल जाऊन बघ' म्हटलं नाही. त्या ब्रेकच्या दिवसानंतर आमच्या साहेबांना एकदम पुळका आला. प्रेक्षक वाढले ना! महिनाभर त्यांच्या पाठीमागे इंद्रधनुष्य लावलं. मग एका जाहिरातदाराने नाक मुरडल्यावर तेच इंद्रधनुष्य गोदामात टाकलं, अजून तिथेच आहे, मी त्यावर फायली ठेवते. गे लोकांविषयी कुठेही काही खुट्ट झालं की यांनाच बोलायला बसवायचे. शेवटी एक दिवस मीटिंगमध्ये ते म्हणाले, 'मला कांद्याचे भाव द्या. गे माणसालासुद्धा कांदा लागतो.' तेव्हापासून भाव, पाणी, रस्ते सांगून सांगून त्यांनी ती नऊची खुर्ची कमावली आहे. कुणी दिलेली नाही.

त्यांचा निरोप आहे. लाह्या कमी करतो. ओठांवर लक्ष ठेवतो. आणि मला म्हणाले, 'मॅडम, उत्तर देणं बंद करू नका.'

शुभा टिपणीस


बोरीवली (पूर्व)
२२ जुलै २०२५

टिपणीसबाई,

पकडलंत. बरं झालं, मलाही ते 'इसम', 'निवेदक' लिहून लिहून कंटाळा आला होता.

तर ऐका. त्या दिवशी भजी हातात धरून मी उभा राहिलो आणि अख्ख्या कमिटीसमोर म्हटलं, 'तो माझा कोण नाय. यापुढे त्याच्याशी एक शब्द बोललो तर रवळनाथ बघून घेईल.' रवळनाथ आमच्या गावचं दैवत. त्याचं नाव घेऊन टाकलेला शब्द आम्ही मागे घेत नाही. आता तुम्ही म्हणाल, मग हे काय चाललंय? मी त्याच्याशी बोलणार नाही म्हटलं. वाहिनीशी पत्रव्यवहार करणार नाही असं म्हटलेलं नाही. देवाला कायदा कळतो.

टीव्हीचा आवाज बंद का, तेही आता सांगतो. भिंती पातळ आहेत. मी त्याला बघतो हे शेजाऱ्यांना कळायला नको. माणसाला काही मान असतो की नाही?

आमची शेवंती, म्हणजे सिद्धेशची आई, दर बुधवारी अंधेरीला 'भजनाला' जाते आणि डबा घेऊन जाते. डब्यात तळलेली सुरमई. भजनाला सुरमई कोण नेतो, ते मी आजवर विचारलेलं नाही. तिनेही सांगितलेलं नाही. चाळीस वर्षांचा संसार असाच होतो, बाई.

तिथे प्रीतम नावाचा कोण तो राहतो म्हणे त्याच्यासोबत. तो काय करतो? त्याला स्वयंपाक येतो का? येत असेल तर सिद्धेश वाळला कसा? चौकशी करून कळवावं. ही तक्रार समजून शिक्का मारलात तरी चालेल.

आता ओळख पटलीच आहे तर मी आठवड्याला एक पत्र टाकत जाईन.

चंद्रप्रकाश गोविंद घाडीगावकर


अंधेरी (पूर्व)
१० नोव्हेंबर २०२५

काका,

हे पत्र लिहायला मी चार दिवस टाळाटाळ केली.

जुलैपासून दर आठवड्याला तुमचं पत्र आलं. केस कापले ते बरं केलं, हात कमी हलव, ट्रॉम्बे असं तोंड वाकडं करून का म्हणतोस, दिवाळीत तरी कोट बदल. मी प्रत्येकावर शिक्का मारला, नियमाप्रमाणे त्यातल्या एकेका मुद्द्याची वेगळी नोंद केली आणि पत्र त्यांना वाचायला दिलं. बातम्यांच्या आधी ते वाचून हसायचे आणि मग कॅमेऱ्यासमोर बसायचे. आमच्या खात्याला एवढं काम कधी नव्हतं. मला वाटलं, मी पुण्य करतेय.

दिवाळीत बातम्या संपवताना ते म्हणाले, 'प्रीतमने आणि मी घरी कंदील लावलाय, जरा वाकडा लागलाय, चालवून घ्या. शुभ दीपावली.' बस, एवढंच. त्यावर तक्रारींचा पाऊस पडला. संस्कृती बुडाली, कंदील बाटला, काय वाट्टेल ते. याच वेळी आमच्याकडे नवे प्रमुख आलेत, देवव्रत सर. त्यांना शब्द वाचायला आवडत नाहीत, आकडे आवडतात. त्यांनी विचारलं, 'सिद्धेशविरुद्ध वर्षभरात किती तक्रारी?' मशीनने आकडा दिला. तो वाहिनीतला सगळ्यात मोठा आकडा निघाला. त्यात निम्म्याहून जास्त तुमच्या पत्रांच्या नोंदी आहेत, काका. केस कापले ते बरं केलं, हीसुद्धा एक तक्रार म्हणून मोजली गेली. मशीनला माया कळत नाही आणि शिक्के माझ्या हातचे आहेत.

आता त्यांना नऊवरून काढून पहाटेच्या राशिभविष्यावर बसवायचं घाटतंय. सांगायला लाज वाटते.

नियमावली उलटीपालटी करून मी एक वाट शोधली आहे. निवेदकाच्या नातेवाइकाने केलेली तक्रार बाद धरतात. पण मी तसं सांगून चालणार नाही. तक्रार करणाऱ्याने स्वतः समितीपुढे येऊन 'मी याचा अमुक लागतो' असं लिहून द्यायला हवं, आणि ते वाहिनीच्या वेबसाइटवर सगळ्यांना वाचायला ठेवतात. समिती २५ तारखेला, मंगळवारी बसणार आहे.

सिद्धेशनी मला बजावलंय, बाबांना यातलं काही कळवायचं नाही. 'त्यांना त्या सोसायटीत राहायचंय, त्यांनी चारचौघांत शब्द टाकलाय.' मी त्यांचं ऐकलेलं नाही. हे तुम्हाला कळलंच असेल.

शुभा


बोरीवली (पूर्व)
१४ नोव्हेंबर २०२५

टिपणीसबाई,

म्हणजे मीच माझ्या झिलाच्या पोटावर पाय दिला तर! गरम पाणी दे सांगायला गेलो आणि ताटच काढून घेतलं त्याच्यापुढचं. मेल्या चंद्रप्रकाशा, तुका अक्कल नाय! माफ करा, मी चिडलो की मालवणी सुटते.

राशिभविष्य! नऊची बातमी देणारा माणूस तुळा राशीला प्रवासयोग सांगणार? त्या देवव्रताची रास कुठली ते कळवा, मी त्याचं भविष्य सांगतो.

मी येणार. कमिटीला काय वाटायचं ते वाटू दे. पण बाई, मोठी अडचण आहे. तो तिथे समोर असणार. मी त्याचा बाप आहे असं सांगायचं आणि त्याच्याशी बोलायचं नाही, हे तमाशातल्या सोंगासारखं होईल. शब्द आधी सोडवायला हवा. शेवंती म्हणते, 'देवाक काय दुसरे धंदे नाय? तो तुमचो शब्द मोजीत बसलोहा?' तिचं ठीक आहे, शब्द तिने टाकलेला नाही.

देवाला टाकलेला शब्द गाऱ्हाणं घालून सोडवतात. म्हणजे नारळ ठेवून देवाशी मोठ्याने बोलायचं, आणि जमलेल्या माणसांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणून साथ द्यायची. गावात हा मान आमच्या घराण्याचा. आम्ही घाडी. लोकांची गाऱ्हाणी मी जन्मभर घातली, पण घाडी स्वतःसाठी गाऱ्हाणं घालत नाही, ही आमच्या घरातली रीत. माझ्यासाठी घालायचं तर माझ्यामागून ज्याच्याकडे मान जातो त्याने घालायचं. तो कोण ते तुम्हाला ठाऊक आहे. नऊ वाजता दिसतो.

त्याला सांगा, रविवारी सकाळी घरी ये. नारळ मी आणतो. त्याला यायचं नसेल तर तसंही सांगा. मी मंगळवारी मुका उभा राहीन.

चंद्रप्रकाश


अंधेरी (पूर्व)
१८ नोव्हेंबर २०२५

बाबा,

टिपणीस मॅडमनी तुमचं पत्र माझ्या हातात दिलं आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मी आधी त्यांच्यावर ओरडलो, मग त्यांनाच चहा पाजला.

राशिभविष्याची फार चिंता करू नका. मी ते झकास केलं असतं. 'मेष राशीच्या वडिलांनी आज मुलाला फोन करावा, लाभ होईल.' रोज हेच सांगितलं असतं, कधी तरी लागू पडलंच असतं ना.

पण मला राग आहे, बाबा. तो आत्ताच सांगतो, रविवारी देवासमोर भांडण नको. तुम्ही सगळ्यांना सांगता की याने आधी घरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं होतं. त्या ब्रेकच्या आदल्या वर्षी, चतुर्थीला गावी, माजघरात. तुम्ही दुर्वा निवडत होता. मी सगळं बोललो. तुम्ही मान वर केली नाहीत, म्हणालात, 'आता आरती आहे, मग बघू.' मी गौरी जाईपर्यंत त्या 'मग'ची वाट बघत होतो. मुंबईला परत आल्यावरही बघत होतो. मग एक दिवस तो माणूस स्टुडिओत बसून म्हणाला की आमच्यासारखे मराठी घरांत नसतातच, आणि मला वाटलं, माझ्या घरातसुद्धा मी नाहीच आहे. म्हणून तोंडातून गेलं. ब्रेक घेतला तो घाबरलो होतो म्हणून.

गाऱ्हाणं घालीन. लहानपणी तुमच्या मागे उभा राहून पाठ झालंय, अजून येतं. पण 'व्हय महाराजा' म्हणायला माणसं लागतात. तुमचं तोंड शब्दात अडकलेलं, राहिली एकटी आई. म्हणून प्रीतम माझ्यासोबत येईल. घाटकोपरचा आहे, कांदासुद्धा खात नाही, मालवणी ओ की ठो कळत नाही. पण तीन वर्षं आईची सुरमई घरात आली की न कुरकुरता खिडक्या उघडतो. तो येणार असेल तरच मी येईन. हे चालत नसेल तर टिपणीस मॅडमना कळवा. मी राशिभविष्य सांगेन, मला जमेल.

आणि मंगळवारी नाही आलात तरी मी समजून घेईन. खरंच.

सिद्धेश


बोरीवली (पूर्व)
२४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण समिती, 'ताबडतोब २४'

मी उद्या स्वतः हजर राहणार आहे. पण समोर चार लोक बसले की मी ओरडून बोलतो, गिरणीची सवय आहे, म्हणून लिहूनही आणतोय.

प्रथम सांगतो, मी तक्रारी मागे घ्यायला आलेलो नाही. त्या सगळ्या खऱ्या आहेत. कोट वाईटच आहे.

काल रविवारी आमच्या घरी काय झालं ते समितीने ऐकून घ्यावं. सिद्धेश आला, सोबत प्रीतम आला. प्रीतमने वाकून नमस्कार केला. मी मान हलवली. पाटावर नारळ ठेवला आणि सिद्धेशने गाऱ्हाणं सुरू केलं. 'बा देवा रवळनाथा, आज ह्या लेकरान तुझ्यासमोर नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे महाराजा!' शेवंती म्हणाली 'व्हय महाराजा.' प्रीतम ओरडला 'जय महाराज!' आजवर रवळनाथाला असं कुणी म्हटलं नसेल, पण भावना पोचली असावी. 'रागाच्या भरात कोणी काय वाकडा बोललो आसात, ता पदरात घे आणि घातलेली गाठ सोडव रे महाराजा!' पुन्हा दोघं म्हणाले. या वेळी प्रीतमचं बरोबर आलं.

माझ्या हिशेबाने गाऱ्हाणं तिथे संपत होतं. पण हा थांबला नाही. म्हणाला, 'आणि ह्या घरात जो नवीन माणूस इलो आसा, तेका आपलो म्हणान घे रे महाराजा!'

आणि कोणी बोलेना. शेवंती पदर तोंडाला लावून रडत होती. प्रीतमला मालवणी कळत नाही. आपल्याबद्दलच चाललंय हे बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं, तो शेवंतीने म्हणायची वाट बघत उभा. सिद्धेश डोळे मिटून उभा होता. गाऱ्हाण्याला साथ मिळाली नाही तर ते तसंच हवेत राहतं. खोलीत आणखी एकच माणूस होता.

मी म्हटलं, 'व्हय महाराजा!' समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले, एवढ्या मोठ्याने म्हटलं.

पुढे बोलणं झालं. काय झालं ते समितीचं काम नाही. चतुर्थीला माजघरात काय घडलं होतं, तेही त्यात निघालं. त्याचं खरं आहे. आरती नंतरही करता आली असती.

आता समितीला सांगायचं ते एवढंच. तुमच्या मशीनने मोजलेल्या त्या तक्रारी प्रेक्षकाच्या नव्हत्या. बापाच्या होत्या. सिद्धेश माझा मुलगा आहे. तीन वर्षांमागे सोसायटीच्या ऑफिसात मी म्हटलं होतं, तो माझा कोणी नाही. ते खोटं होतं. हे मी शुद्धीवर असताना लिहितोय. याची एक झेरॉक्स सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, पाणीपट्टीच्या नोटिशीशेजारी लावली आहे. तुमच्या वेबसाइटपेक्षा तिथे जास्त लोक वाचतात.

चंद्रप्रकाश गोविंद घाडीगावकर


अंधेरी (पूर्व)
२ डिसेंबर २०२५

श्री. चंद्रप्रकाश गोविंद घाडीगावकर यांस,

विषय : आपल्या तक्रारींवरील निर्णय

समितीने आपलं निवेदन वाचलं. आपण ते हातात धरून शिवाय मोठ्याने म्हणूनही दाखवलंत, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या खेळ विभागानेही ऐकलं. देवव्रत सर मधेच पाणी प्यायला म्हणून उठले आणि बराच वेळ आले नाहीत. परत आल्यावर त्यांनी विचारलं की यात आकडा कुठे आहे. मी म्हटलं, सर, वजा करा.

नियमाप्रमाणे निवेदकाच्या वडिलांच्या तक्रारी बाद झाल्या. बाकीच्या उघडून पाहिल्या, तर बहुतेकांत तेच तेच वाक्य, एकाने लिहिलेलं आणि बाकीच्यांनी न वाचता चिकटवलेलं. राहिल्या त्या मूठभर. श्री. सिद्धेश नऊच्या बातम्यांवर कायम राहत आहेत. पहाटेच्या भविष्यासाठी दुसरा माणूस शोधतायत. मी माझं नाव दिलेलं नाही, हे आधीच सांगते.

आता शेवटचं. आपण नातेवाईक असल्याचं आपणच लिहून दिलंत, त्यामुळे यापुढे आपलं एकही तक्रारपत्र या खात्याला घेता येणार नाही. आलं तर मी न उघडता परत पाठवीन. मला ते जड जाईल, काका. सोमवारचं टपाल आलं की मी आधी तुमचंच पाकीट शोधायचे. पण नियम तो नियम.

आपल्याला सदर निवेदकाबद्दल जे काही म्हणायचं असेल, ते आपण त्यालाच, तोंडी, समोरासमोर, शक्यतो जेवायला बसल्यावर सांगावं. या निर्णयाविरुद्ध अपील करता येणार नाही.

आपली,
शुभा टिपणीस
तक्रार निवारण अधिकारी